नाव घ्यायचं नाही

केंद्राचे अधिकारी पांढरीपांडे साहेबांनी त्या संध्याकाळच्या रेडिओ कार्यक्रमाची संहिता माझ्यापुढे ठेवली, तेव्हा तिच्यातल्या निम्म्या ओळींवर लाल पेन्सिलीनं काट मारलेली होती. कार्यक्रम सुरू व्हायला थोडाच वेळ उरला होता. मी पानं उलटून पाहिली. माझी वाक्यं जशीच्या तशी होती. दौलतभाऊंचं मात्र एकही वाक्य शिल्लक नव्हतं.

"भास्करभाऊ यायचे आहेत ना?" मी विचारलं.

"आज येणार नाहीत. निवडणूक होईपर्यंत येणार नाहीत," साहेब म्हणाले. "दुपारी त्यांनी तहसिलीत जाऊन उमेदवारी अर्ज भरला. तुम्हाला बोलले नव्हते?"

नव्हते बोलले. आदल्याच संध्याकाळी आम्ही दोघं एका मायक्रोफोनसमोर खुर्च्या लावून बसलो होतो आणि तुरीच्या डाळीवरून लटकं भांडलो होतो.

आमचं आकाशवाणी केंद्र वऱ्हाडातलं, एका आडबाजूच्या जिल्ह्याचं. रोज संध्याकाळी तिथून 'ओसरीवरून' हा शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागायचा. त्यात दौलतभाऊ आणि त्यांची बायको कौसल्या गप्पा मारत. पिकावरची रोगराई, बियाणं, गुरांच्या लसी, सगळं त्या गप्पांतून सांगायचं. दौलतभाऊ म्हणजे भास्कर टापरे. गावात त्यांचं खताबियाण्यांचं दुकान होतं आणि नाटकात कामं करायची हौस. कौसल्या म्हणजे मी, हेमलता काळमेघ. दोघंही नैमित्तिक कलाकार. म्हणजे बोलावलं तर यायचं, नाही बोलावलं तर घरी बसायचं. मला मात्र दहा-बारा वर्षं रोज बोलावणं आलं होतं. बाजारात भाजीवाल्याशी घासाघीस करायला तोंड उघडलं की शेजारची बाई वळून बघायची आणि म्हणायची, "कौसल्यावहिनी का जी?"

नियम साहेबांनी मला समजावून सांगितला. आचारसंहिता नुकतीच कडक झाली होती आणि हा शब्द घरोघरी पोचला होता. सरकारी रेडिओवरून कोणत्याही एका उमेदवाराचा प्रचार व्हायचा नाही, सगळ्यांना माप सारखं. म्हणून उमेदवाराचा आवाज लागायचा नाही. साहेब नियमाला भिणारे होते, पण नियमामागचा न्याय त्यांना खरोखर पटलेला होता. मलाही पटला. मी म्हटलं, दौलतभाऊ लेकीकडे गेलेत असं सांगते, निवडणूक संपली की परत येतील. साहेबांना हायसं वाटलं.

त्या संध्याकाळी मी एकटीच बोलले. आमच्या घरचे लेकीकडं गेलेत, म्हटलं, नातवाले पाहाले.

चौथ्या की पाचव्या दिवशी ॲडव्होकेट राजूरकर केंद्रावर आले. ते विद्यमान आमदारांचे वकील. आवाज मऊ, कपडे पांढरेशुभ्र. त्यांनी भास्करभाऊंचं एक पत्रक टेबलावर पसरलं. त्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: 'आपला दौलतभाऊ'. भास्कर टापरे हे नाव खाली, बारीक.

"बाई रोज म्हणतात, आमच्या घरचे अमुक म्हणायचे, आमच्या घरच्यांना तमुक आवडतं," वकील म्हणाले. "सगळ्या मतदारसंघाला कळतं ते कोण. हा रोजचा फुकटचा प्रचार झाला."

मी म्हटलं, मी त्यांचं नाव एकदाही घेतलेलं नाही. कौसल्येनं कधीच घेतलं नव्हतं, तिच्या पिढीच्या बायका घेत नाहीत.

"म्हणून तर," वकील म्हणाले. "नाव न घेता जे सगळ्यांना कळतं, त्याचा बंदोबस्त कसा करायचा?"

बंदोबस्त साहेबांनी केला. दुसऱ्या दिवसापासून संहितेतून 'आमच्या घरचे' गेलं. मग 'ते' गेलं. 'त्यांनी', 'त्यांना' गेलं. संसारातल्या बाईनं अर्धा तास बोलायचं आणि नवऱ्याचा उल्लेख येऊ द्यायचा नाही, हे वाटतं तितकं सोपं नव्हे. एकदा मी म्हणून गेले की दोन भाकरी टाकल्या. दुसऱ्या दिवशी तक्रार आली की दुसरी भाकरी कोणासाठी? साहेबांनी ते पत्र मला दाखवलं तेव्हा आम्ही दोघंही हसलो. पण त्यानंतर लिहिताना माझा हात 'एक भाकरी' असंच लिहू लागला.

आत्ता मी 'लिहिताना' म्हणाले, त्याचा खुलासा करायला हवा. शेतीची माहिती कृषी विद्यापीठाकडून यायची. बाकीचं घरातलं बोलणं मी लिहीत असे. त्याचे वेगळे पैसे नव्हते की कुठे नाव नव्हतं. मी आले तेव्हाचा दौलतभाऊ बायकोवर खेकसणारा होता. लोकांना हसू यावं म्हणून आधीच्या लेखकानं तसा केला होता. मी त्याला हळूहळू बदललं. आधी तो स्वतःच्या हातानं पाणी घेऊन प्यायला लागला. मग बैल विकायच्या आधी कौसल्येला विचारायला लागला. पुढे एकदा त्यानं वावराच्या सातबाऱ्यावर तिचं नाव लावून घेतलं, तेव्हा खेड्यांतून आलेली पोस्टकार्डं ठेवायला टेबलाचा खण पुरला नाही. भास्करभाऊ असली वाक्यं वाचताना आधी कुरकुर करायचे. म्हणायचे, "हेमाताई, असला नवरा कुठं असते का?" पण लाल दिवा लागला की इतकं मायेनं वाचायचे, की मलाच क्षणभर खरं वाटायचं.

आता कौसल्येच्या घरात शुकशुकाट झाला. बाया पत्रं लिहू लागल्या. दौलतभाऊ लेकीकडून आले नाहीत का, भांडण झालं का, तब्येत बरी आहे का. एका बाईनं नुसतं एवढंच लिहिलं होतं: 'वहिनी, तुमचा आवाज दबल्यासारखा येते.'

आणि याच दबलेल्या आवाजाचं भास्करभाऊंनी सोनं केलं. त्यांची जीप कर्णा लावून गावोगाव फिरत होती. मी दळण घेऊन रस्त्यानं चालले होते तेव्हा ती माझ्या शेजारून गेली आणि मला माझ्याच ओळखीचा आवाज ऐकू आला. "माझ्या कौसल्येच्या तोंडाले यांनी कुलूप लावलं! तिले माहं नाव घेऊ देत नाईत! बायांनो, तिच्यासाठी बोलाल की नाई?"

मी दळणाचा डबा कडेवर घेऊन उभी राहिले. बोलले असते तर तो प्रचार होता. गप्प बसले तर गप्प बसण्याचाही प्रचार झाला होता.

दोन दिवसांनी भास्करभाऊ आमच्या घरी आले. माझे यजमान दिगंबर तेव्हा जिल्हा परिषदेत लिपिक होते. सरकारी माणूस, त्यामुळे निवडणुकीच्या दिवसांत ते शेजाऱ्याशी पानसुपारी खातानाही विचार करायचे. भास्करभाऊंना बघून त्यांनी आधी दार लोटून घेतलं. कचेरीत त्यांना आधीच छळणं सुरू झालं होतं. काळमेघ, तुमच्या बायकोचा नवरा निवडून येतो म्हणे, असं कोणीतरी रोज म्हणायचं. ते माझ्याशी काही बोलले नव्हते, पण जेवताना ताटावरून लवकर उठायचे.

भास्करभाऊंचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की चिखलगावला शेवटची मोठी सभा आहे, तिथे मी यावं. भाषण नको, घोषणा नको. कौसल्या म्हणून हिरवं लुगडं नेसून व्यासपीठावर नुसतं बसायचं.

मी नाही म्हटलं. माझं काम जाईल, यांच्या नोकरीवर येईल, आणि मुख्य म्हणजे मला यायचं नाही.

"आमदारानं तुले काही सांगितलं का?" त्यांनी विचारलं.

"मला कोणी काही सांगितलेलं नाही. तुम्ही अर्ज भरलात तेव्हा मला सांगितलंत का? माझं नाव गावोगाव घेताय, ते विचारून घेताय का?"

"तुझं कुठं घेतो? कौसल्येचं घेतो." ते उठले. चपला घालताना म्हणाले, "नाही आलीस तरी चालते. मी खुर्ची मोकळी ठेवतो. मोकळी खुर्ची तर आणखी बोलते."

ते गेल्यावर यजमानांनी दाराला कडी लावली. मग म्हणाले, "दोघांपैकी कोणाच्या बाजूनं तुझं नाव आलं, तरी मला नोटीस येईल." ते रागावलेले नव्हते. घरातली परिस्थिती सांगितल्यासारखं त्यांनी सांगितलं.

खुर्ची खरंच मोकळी राहिली, आणि गावोगाव फिरलीही. जीपमध्ये चालकाच्या मागे एक लाकडी खुर्ची दोरीनं बांधली होती आणि तिच्यावर हिरवं लुगडं घडी करून टाकलं होतं. गावात जीप थांबली की बाया जवळ जाऊन त्या लुगड्याला हात लावत. हे मला दूधवाल्यानं सांगितलं. राजूरकर वकिलांना कोणी सांगितलं कोण जाणे. पण दुसऱ्याच दिवशी ते पुन्हा साहेबांच्या खोलीत बसलेले होते आणि मलाही बोलावणं आलं.

वकिलांची मागणी साधी होती. मी कार्यक्रमात सांगावं, की त्या खुर्चीशी माझा संबंध नाही, माझा त्या उमेदवाराला पाठिंबा नाही.

साहेब म्हणाले, "तसं सांगितलं तर तो तुमच्या उमेदवाराचा प्रचार होईल."

"मग बाईंचा आवाजच बंद करा."

"तसं केलं तर टापरे म्हणतील, बघा, तोंड बंद केलं. तो त्यांचा प्रचार होईल."

वकील मऊ आवाजात म्हणाले, की समतोल कसा राखायचा हे केंद्रानं ठरवावं, न राखल्यास ते निवडणूक अधिकाऱ्यांकडे जातील. असं म्हणून ते गेले. साहेबांनी आधीच वरच्या कार्यालयाला तार करून मार्गदर्शन मागितलं होतं. त्यांनी मला उत्तर दाखवलं. त्यात लिहिलं होतं, समतोल राखावा.

साहेबांची निवृत्ती जवळ आली होती. आयुष्यात त्यांच्यावर एका ओळीचाही ठपका नव्हता. खिडकीशी उभं राहून ते म्हणाले, "काळमेघबाई, मी कार्यक्रमच थांबवतो. निवडणुकीनंतर पाहू." पण थांबलेला कार्यक्रम पुन्हा सुरू होत नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. आणि थांबवला, तरी भास्करभाऊंच्या जीपमध्ये ती खुर्ची होतीच.

प्रचार संपायला दोन दिवस होते. संध्याकाळचा कार्यक्रम थेट जायचा होता. हरभऱ्यावरच्या घाटेअळीची माहिती समोर पडली होती. मी साहेबांना म्हटलं, आजचा दिवस कार्यक्रम होऊ द्या, मला कोरे कागद द्या. बाहेरच्या खोलीत बसून मी लिहिलं. नेहमी माझं लिखाण खाडाखोडीचं असतं. त्या दिवशी एकही शब्द खोडावा लागला नाही.

साहेबांनी उभ्यानंच वाचलं. मग बसून पुन्हा वाचलं.

"असा आदेश नाही आपल्याला."

"माहीत आहे."

"कोणी सुचवलं? राजूरकरांनी?"

"कोणीही नाही. साहेब, मेलेल्या माणसाचा प्रचार होतो का?"

त्यांनी विचार केला. नियमांत त्यांना तसं काही सापडलं नाही. त्यांनी कोपऱ्यात सही केली आणि कागद माझ्याकडे दिला. "तुम्हाला जमेल वाचायला?" एवढंच त्यांनी विचारलं.

दिवा लागला. मी नेहमीसारखा राम राम घातला. मग म्हटलं, "बायांनो, तुमी सारख्या इचारता, म्हणून आज सांगतो. आमच्या घरचे गेले. लेकीच्या गावी, हरभऱ्याच्या वावरात बसले होते, बसल्या जागीच गेले. तरास झाला नाई. इतके दिस मले सांगवलं नाई, म्हणून बोलली नाई." तिथे मी थांबले. इतक्या वर्षांत मायक्रोफोनसमोर इतका वेळ मी कधी थांबले नव्हते. काचेपलीकडचा तंत्रज्ञ उठून उभा राहिला होता. मग मी म्हटलं, "ते असते तर म्हणाले असते, कौसल्ये, रडणं मंग, आधी घाटेअळीचं सांग." आणि मी घाटेअळीचं सांगितलं. कोणतं औषध, किती पाण्यात, कोणत्या वेळी फवारायचं. आवाज एकदाच फाटला, तो औषधाचं नाव घेताना.

घरी आले तर यजमानांनी चहा टाकला होता. असं सहसा होत नसे. ते कार्यक्रम ऐकत नसत, पण शेजारच्यांचा रेडिओ मोठा होता. "वरून आदेश आला का?" त्यांनी विचारलं. मी मानेनं हो म्हटलं. त्यांना तेवढंच उत्तर झेपलं असतं.

चिखलगावच्या सभेचं मला पुढे अनेकांनी सांगितलं. मांडव भरला होता. पण बाया जीपजवळ गेल्या नाहीत. भास्करभाऊ बोलायला उठले, तेच मायाळू बोलणं, तोच आवाज, आणि पुढे बसलेली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "आवाज काढते तसा. पण हा तो नव्हे. तो गेला." हळूहळू बाया उठून गेल्या. कोणी ओरडलं नाही, दगड मारला नाही. सुतकाच्या घरातून उठावं तशा उठल्या.

भास्करभाऊ पडले. आमदार चांगल्या मतांनी आले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी राजूरकर वकील पेढ्यांचा डबा घेऊन केंद्रावर आले आणि माझ्यापुढे धरून म्हणाले, "बाई, तुमचे उपकार झाले." मी डबा घेतला नाही. साहेबांनीही घेतला नाही. तो दारातल्या स्टुलावर तसाच पडून राहिला आणि शेवटी मुंग्यांनी खाल्ला. गावात मात्र झालं ते झालंच. मी आमदाराला विकली गेले असं निम्मे लोक म्हणाले. उरलेले म्हणाले, बिचारीला सरकारनं भाग पाडलं. मी काय केलं आणि का केलं, हे मला कोणीच विचारलं नाही.

भास्करभाऊ महिन्याभरानं आले. खंगलेले दिसत होते. दुकानावरही गिऱ्हाईक कमी झालं होतं. या वेळी ते ओसरीतच बसले, आत आले नाहीत. म्हणाले, जे झालं ते झालं, आता आचारसंहिताही नाही, तर मला कार्यक्रमात परत आण. खोटी बातमी होती, दवाखान्यात वाचले, असं काहीही लिहिता येईल.

"माणूस गेला म्हणजे गेला, भास्करभाऊ."

"मी तुह्यासमोर बसलो आहो, हेमाताई."

"तुम्ही आहात की. मी कुठं नाही म्हणते? दौलतभाऊ गेले."

त्यांनी चपला पायात सरकवल्या. त्यांना काय कळलं ते मी सांगू शकत नाही. पण जाताना ते हळू आवाजात म्हणाले, "चांगला होता तो." आणि मला आत जाऊन दार लावून घ्यावं लागलं, कारण सुतकाचं रडू मला तेव्हा आलं.

कार्यक्रम पुढे कित्येक वर्षं चालला. कौसल्या एकटीच वावर बघू लागली, सोसायटीच्या सभेला जाऊ लागली. लोकांना ते आवडलं.

दोन वर्षांनी तालुक्याच्या गावी बचत गटांचा मेळावा होता. मला कौसल्या म्हणून बोलावलं होतं. यजमानही त्या दिवशी माझ्याबरोबर आले होते आणि मांडवाच्या कडेला, पुरुषांच्या रांगेत बसले होते. कार्यक्रमाच्या आधी एक तरुण बाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन पाहुण्यांच्या रांगेतून फिरू लागली. तहसीलदारीण झाली, डॉक्टरीण झाली, आणि ती माझ्यासमोर आली. माझ्या गळ्यात मंगळसूत्र होतं, कपाळावर कुंकू होतं. तिनं ते नीट पाहिलं. करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवलं. आणि तिचा हात तिथेच थांबला.

"मले माहीत आहे जी, ते खोटं होतं," ती माझ्यापुरतं पुटपुटली. तिचे डोळे भरले होते. "पण हात उचलत नाई. माह्या मायनं त्या दिवशी चूल पेटवली नव्हती."

मी मांडवाच्या कडेला पाहिलं. यजमान आमच्याकडेच बघत होते. त्यांना शब्द ऐकू आले नसतील, थांबलेला हात दिसत होता.

"राहू दे," मी तिला म्हटलं. "पुढं जा."

ती पुढच्या खुर्चीकडे वळली. तेवढ्यात कर्ण्यावरून माझं नाव पुकारलं गेलं, म्हणजे कौसल्येचं. मी उठले, मायक्रोफोनपाशी गेले आणि राम राम घातला. समोर बसलेल्या सगळ्या बायांनी दुखवट्याला बसल्यासारखे डोक्यावरचे पदर सावरले.